सतारमेकर गल्लीतली हवाईयन गिटार : मिरजेच्या एका तंतुवाद्य कारागिराच्या कामाविषयी

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत नेहमीच्या स्पॅनिश गिटारला हवाईयन गिटारची, म्हणजे मांडीवर आडवी घेऊन धातूच्या दांडीने वाजवायच्या गिटारची, जोडणी करून मिळते. सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्या एका कारागिराकडून मी हे काम करून घेतले. माझ्या वाद्याने त्यानंतर सांगलीचा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही सोसले आहेत, त्यामुळे आता त्या कामाबद्दल सविस्तर लिहायला हरकत नाही. कारागिरांचे नाव मी देत नाही, कारण ते त्यांनाच नको आहे. गिटारची कामे वाढली तर हातातली सतार मागे पडेल, अशी त्यांना धास्ती वाटते आणि ती अनाठायी नाही. गल्लीत 'गिटारची पट्टी उंच करून कोण देते' असे विचारले की लोक दार दाखवतात.

हे काम कोणाच्या उपयोगाचे आहे हे कळण्यासाठी गिऱ्हाइकाच्या कानाची घडण थोडी सांगावी लागेल. आमच्या सांगलीच्या घरी रेडिओचा काटा 1251 किलोहर्ट्झवरून, म्हणजे आकाशवाणीच्या सांगली केंद्रावरून, सहसा हलत नसे. त्यामुळे माझ्या कानावर लहानपणी जे पडले ते नाट्यगीत, भावगीत आणि दोन कार्यक्रमांच्या मधली फट भरण्यासाठी लावलेली हवाईयन गिटारवरची चित्रपटगीते. व्हॅन शिपले, हजारासिंग आणि सुनील गांगुली या वादकांची नावे मला शाळेत असतानाच तोंडपाठ होती, आणि वर्गात ती दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हती. ज्या गावात विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले आणि जे गाव त्यावरून स्वतःला नाट्यपंढरी म्हणवते, तिथे एखाद्या मुलाने नाट्यगीताची आवड लपवावी, हे बाहेरच्यांना चमत्कारिक वाटेल. परंतु गावाचा अभिमान वेगळा आणि महाविद्यालयाच्या कट्ट्यावर चालणारी कॅसेट वेगळी. कट्ट्यावर मला 'आजोबा' म्हणत असत. त्याचे वाईट वाटण्याचे वय लवकर सरले. नाव मात्र टिकले.

गिटार शिकावीशी वाटली ती याच कानामुळे. शिकवणीत पाऊल टाकल्यावर मात्र कळले की तिथली गिटार आणि माझ्या रेडिओतली गिटार यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. सी, जी, ए मायनर आणि एफ या चार कॉर्डांवर त्या वर्षीची हिंदी गाणी बसवून घेणे आणि गॅदरिंगपर्यंत मुलांना उभे करणे, हा त्या वर्गाचा अभ्यासक्रम होता, आणि तो अभ्यासक्रम ते नीट शिकवत असत. मी एकदा भीमपलासातल्या एका पदाच्या दोन ओळी वाजवून देण्याची विनंती केली, तेव्हा 'हे गिटारवर बसत नाही' असे उत्तर मिळाले. उत्तर देण्याची तऱ्हा मला आवडली नव्हती, पण उत्तर निम्मे खरे होते. स्पॅनिश गिटारचे पडदे, म्हणजे सुरांच्या जागा दाखवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या, मानेत पक्के ठोकलेले असतात. तार बाजूला ओढून सूर वर नेता येतो, परंतु मध्यमावरून कोमल गंधारावर डुलत उतरणारी आणि पुन्हा वर जाणारी जी सलग मींड गायक एका श्वासात घेतो, ती पडद्यांच्या पायऱ्यांवरून घेतली की तुटक होते. शिवाय कॉर्ड म्हटला की तीन-चार सूर एकदम वाजणार, आणि ज्या रागात त्यांतला एक सूर वर्ज्य आहे तिथे तो कानाला खुपणार. चार कॉर्ड पाठ करून मी तो वर्ग सोडला आणि गिटार बरीच वर्षे कपाटावर राहिली.

निम्मे चूक काय होते, ते हवाईयन गिटारचा इतिहास वाचल्यावर समजले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर जोसेफ केकुकू याने गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवरून धातूची दांडी सरकवत वाजवण्याची पद्धत रूढ केली, असे मानले जाते. पुढे ताऊ मो हा हवाईयन वादक 1940 च्या दशकात कुटुंबासह कोलकात्यात राहिला, तिथे त्याने शिष्य तयार केले आणि बंगालमार्गे हे वाद्य आपल्या रेडिओत आणि चित्रपटसंगीतात शिरले. ब्रिजभूषण काबरा यांनी त्यावर शुद्ध रागसंगीत वाजवले; 1967 मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी केलेली ध्वनिमुद्रिका अजूनही ऐकली जाते. विश्वमोहन भट्ट यांनी तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप गुंजणाऱ्या, तारा जोडून त्याच जातीच्या वाद्याला मोहनवीणेचे रूप दिले आणि 1994 मध्ये त्यांना ग्रॅमी मिळाले. म्हणजे गिटारवर मींड बसत नाही असे नव्हे, ती उभी धरलेल्या गिटारवर बसत नाही. तयार हवाईयन गिटार कोलकात्याहून मागवता येते, पण घरात असलेली गिटार बदलून घेता येते का, हा माझा प्रश्न होता, आणि तो घेऊन मी मिरजेला गेलो.

मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून बातम्यांच्या छायाचित्रांत ही गल्ली फार चकचकीत दिसते. प्रत्यक्षात कारखाना म्हणजे दोन खणांची खोली आहे. मंगळवेढ्याकडून आलेले वाळलेले भोपळे छताखाली टांगलेले, जमिनीवर लाकडाच्या ढलप्या, एका कोपऱ्यात लाखेचा आणि पॉलिशचा वास, आणि दारातून येणारा उजेड जिथे पडतो तिथे कारागिरांचे आसन. गल्लीत चारचाकी नेण्याचा विचार करू नये. मी गिटार समोर ठेवली तेव्हा कारागिरांनी, म्हणजे चाचांनी, ती वाजवली नाही. त्यांनी पोटाच्या लाकडावर ठिकठिकाणी अंगठ्याने टिचक्या मारल्या, घोडीच्या, म्हणजे पोटावर तारा जिथे टेकतात त्या आधाराच्या, मागे पोट फुगले आहे का हे पाहण्यासाठी त्यावर एक पोलादी फूटपट्टी आडवी धरली, आणि मग विचारले, "तुम्ही वाजवणार काय?" मी नाट्यगीत म्हटल्यावर ते हसले नाहीत. "मग स्वर कुठला तुमचा?" असा त्यांचा पुढचा प्रश्न होता. गिटार घेऊन मी ज्या ज्या दुकानांत आणि वर्गांत गेलो, तिथे कोणती गाणी येतात असे विचारले गेले होते. माझा षड्ज कोणता, असे विचारणारा हा पहिला माणूस.

कामाचा मुख्य भाग ऐकायला सोपा आहे. मानेच्या टोकाशी तारा ज्या पट्टीवरून जातात तिला नट म्हणतात, आणि नेहमीच्या गिटारवर तारा तिथे पडद्याच्या जेमतेम वर असतात, कारण बोटाने दाबायच्या असतात. हवाईयन पद्धतीत तार दाबायचीच नसते. दांडी तारेवर टेकवून सरकवायची असते, आणि तार खाली असेल तर दांडी पडद्यांवर खडखडते. म्हणून जुन्या नटवर बसणारा दुसरा उंच नट करावा लागतो, आणि घोडीवरची पट्टीही त्या मानाने वर घ्यावी लागते. बाजारात यासाठी धातूचे तयार टोपण मिळते. चाचांनी ते बाजूला ठेवले आणि सतारीच्या घोडीसाठी आणलेल्या फायबरच्या तुकड्यातून स्वतः नट कापला. सहा खाचांपैकी प्रत्येक खाच त्या त्या तारेच्या जाडीप्रमाणे वेगळ्या कानशीने घासली आणि खाचेचा उतार खुंट्यांच्या बाजूला दिला, म्हणजे तार नेमक्या कडेवरून सुटते. माझ्या गिटारवर तारा आता पडद्यांपासून सुमारे 8 मिलिमीटर उंच आहेत. हा नट चिकटवलेला नाही. तो फक्त तारांच्या दाबाने जागेवर राहतो, आणि काढला की गिटार पूर्ववत होते. सगळ्या तारा एकदम काढल्या तर तो निसटून पडतो, म्हणून तारा एकेक करून बदलायच्या, हे त्यांनी बजावून सांगितले.

तारांबाबत मात्र आमची चर्चा लांबली. पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारांचा मिळून ताण सुमारे 70 किलोच्या घरात असतो, आणि प्लायवूडच्या स्वस्त गिटारची घोडी त्या ताणाने उचलली जाते, ही नेहमीची तक्रार आहे. हवाईयन वादकांच्या पुस्तकांत दिलेल्या काही जुळवण्यांत खर्जाच्या तारा मूळ सुरापेक्षा बऱ्याच वर चढवाव्या लागतात. त्यासाठी तारांचा वेगळा संच लागतो आणि जुन्या लाकडाला ते झेपेलच असे नाही. चाचांनी त्याऐवजी डी हा षड्ज धरून डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी अशी जुळवणी सुचवली. आपल्या भाषेत हे सा, प, सा, ग, प, सा झाले. यात एकही तार मूळ सुराच्या वर जात नाही. चार तारा उतरतात आणि दोन आहेत तिथेच राहतात. सैल झालेल्या तारा दांडीखाली लटपटू नयेत म्हणून त्या थोड्या जाड घ्याव्या लागतात. पूर्वी माझ्या गिटारवर पहिली तार 0.011 इंचाची होती, ती आता 0.013 इंचाची आहे. जाडी वाढली, सूर उतरला, आणि ताण जवळपास पूर्वीइतकाच राहिला. हे गणित त्यांनी कागदावर मांडले नाही, तारेवर अंगठा दाबून सांगितले.

या कामातला जो भाग मला कोणत्याही गिटारच्या दुकानात मिळाला नसता, तो तिसऱ्या तारेचा आहे. मी मोबाइलवरच्या ट्यूनरने ती एफ शार्पवर लावली, हिरवा दिवा लागला, आणि चाचांनी मान हलवली. शेजारी तयार होऊन ठेवलेला तंबोरा त्यांनी आमच्या षड्जात छेडला आणि ती तार किंचित, अगदी खुंटीच्या पाव वळणाइतकीही नव्हे, उतरवली. ट्यूनरचा दिवा लाल झाला, आणि खोलीतला आवाज एकदम स्वच्छ झाला. याचे कारण सरळ आहे. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून बसवलेले असतात. त्या हिशेबात शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटवर येतो, तर तंबोऱ्याच्या खर्जात आपोआप ऐकू येणारा गंधार 386 सेंटवर असतो. एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. चौदा सेंटांचा हा फरक चित्रपटगीताच्या कॉर्डात खपून जातो, पण तंबोऱ्यासमोर तो उघडा पडतो. पडद्यांच्या गिटारवर त्याला इलाज नाही. दांडी मात्र पडद्याच्या रेषेच्या केसभर अलीकडे थांबवता येते, आणि लहानपणापासून बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका ऐकलेल्या कानाला तो गंधार कुठे आहे हे शिकवावे लागत नाही. कट्ट्यावर ज्या आवडीची थट्टा झाली, ती या एका तारेपाशी पुष्कळ कामाला आली.

दांडी गल्लीत मिळाली नाही. ती कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडून स्टेनलेस स्टीलच्या सळईतून कापून, एक टोक गोल करून आणि आरशासारखी घासून घेतली. या कामाला विशेष खर्च येत नाही. लेथवाल्याला हे कशासाठी आहे हे पटवण्यातच जास्त वेळ जातो. दांडीवर बारीकसा चरा राहिला तरी मींड घेताना तो खरखरतो, म्हणून घासाईत काटकसर करू नये. नखीसाठी चाचांनी सतारीची मिजराब पुढे केली होती. मी ती वापरून पाहिली आणि बाजूला ठेवली. तिच्या आघाताने गिटारची जाड तार कर्कश बोलते. अंगठ्याला प्लॅस्टिकची आणि पहिल्या दोन बोटांना पत्र्याची नखी हीच मला पटली.

एका बाबतीत माझे आणि त्यांचे मत जुळले नाही. घोडीवरची पट्टी रुंद करून तिला सतारीसारखी जवारी काढावी, असा त्यांचा आग्रह होता. सतारीच्या घोडीचा माथा पसरट असतो, त्यावर तार सुटताना हलकेच घासत जाते आणि त्यातून तो झणकारणारा आवाज येतो. तो माथा हाताने घासून काढणे ही या गल्लीची खरी विद्या आहे. पण मला रेडिओतली हवाईयन गिटार हवी होती, तिचा आवाज गोल आणि रडवा असतो. मी नकार दिला. त्यांनी तो मानला, मात्र 'नंतर वाटले तर आणा' एवढे सांगितलेच.

वाद्य हाती आल्यावर काय साधते आणि काय साधत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आलाप, संथ लयीतली पदे, शब्दांवर रेंगाळणारी भावगीते या गिटारवर अशी बोलतात की घरातली वडीलधारी मंडळी ओळ संपण्याआधी शब्द म्हणू लागतात. यमन, पिलू, देस यांत हात चटकन बसतो. भीमपलासात तिसऱ्या तारेवरचा उघडा शुद्ध गंधार मात्र अडचण करतो, कारण या रागाला कोमल गंधार लागतो आणि ती तार नुसती गुंजली तरी रंग बिघडतो. यावर उपाय म्हणजे ती तार अर्धा स्वर चढवून मध्यमावर लावणे, म्हणजेच जी या तिच्या मूळ जागी परत नेणे. मग सा, प, सा, म, प, सा अशी जुळवणी होते आणि ज्या पदासाठी मला एकेकाळी नकार मिळाला होता, ते बिनतक्रार वाजते. द्रुत ताना मात्र या वाद्याकडून अपेक्षू नयेत. नाट्यगीतातली फिरकीची तान दांडीने घ्यायला गेले की सूर एकमेकांत मिसळून घसरगुंडी होते. काबरांसारख्यांनी त्यावरही मार्ग काढला, पण त्यामागे आयुष्यभराचा रियाज होता. हौशी माणसाने तानेची जागा सरळ सोडून द्यावी आणि मुखड्यावर यावे. नाटकातले ऑर्गनवाले नाहीतरी ती जागा भरून काढत असत.

शिकण्याची सोय हा स्वतंत्र प्रश्न आहे. कारागीर वाद्य देतात, शिकवत नाहीत. मी शेवटी गिटारच्या शिक्षकाऐवजी गाण्याच्या शिक्षिकेकडे गेलो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका आणि मध्यमा परीक्षांसाठी त्या मुलांची तयारी करून घेतात. त्यांनी गिटारला कधी हात लावलेला नव्हता, आणि तेच फायद्याचे ठरले. त्या पद गातात, मी सरगम लिहून घेतो आणि दांडीने त्यांच्या आवाजामागून जातो. दांडीच्या मागे डाव्या हाताची बोटे तारांवर हलकी टेकवून ठेवावी लागतात, नाहीतर मागच्या बाजूची तार नको ते सूर काढते. हे तेवढे व्हिडिओ पाहून शिकावे लागले. बाकी सगळे गाण्यातूनच आले. माझ्या शेजारी बसणारी शाळकरी मुले फोनवर जे ऐकतात ते मला कळत नाही आणि मी जे वाजवतो ते त्यांना जुने वाटते, पण वर्गात त्यावरून कोणी कोणाला हसत नाही.

आता तक्रारी. दिलेली तारीख या कारखान्यात पाळली जात नाही. सतारीची मागणी आली की गिटार भिंतीला टेकते आणि टेकलेलीच राहते, फोन केला तर 'पॉलिश वाळतेय' हे उत्तर ठरलेले, मग वाद्याला पॉलिश सांगितले असो वा नसो. पावती मिळत नाही. झिजलेले पडदे बदलणे किंवा घासून सारखे करणे हे काम त्यांच्याकडे देऊ नये; सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले आणि सरकते असतात, गिटारचे ठोकलेले, आणि त्या कामाची हत्यारे तिथे मला दिसली नाहीत. सुदैवाने हवाईयन पद्धतीत पडदे नुसते खुणेपुरते उरतात. पिकअप बसवणे, वायर जोडणे असले विजेचे काम ते घेतच नाहीत आणि तसे पहिल्यांदाच सांगतात, हा मी गुण मानतो. माझ्या नटची चौथी खाच थोडी खोल गेली होती आणि तार झणझणत होती. परत नेल्यावर त्यांनी नवा नट कापून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

नट, घोडीची पट्टी, तारा आणि मजुरी मिळून खर्च दीड हजार रुपयांच्या आत बसला. ज्यांना कॉर्ड धरून गायचे आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये, त्यांच्यासाठी बोटांनी वाजवायची गिटारच योग्य आहे. ज्यांच्या घरी एखादी गिटार कपाटावर पडून आहे आणि ज्यांचा कान जुन्या गाण्यांवर पोसलेला आहे, त्यांनी जरूर जावे. जाताना ज्या स्वरात तुम्ही गाता किंवा ज्यांच्याबरोबर वाजवणार आहात त्यांचा षड्ज ठरवून जावे, कारण तारांची जाडी त्यावरून ठरते. नवरात्रात अंबाबाईचा संगीत महोत्सव असतो आणि मीरासाहेब दर्ग्याच्या उरसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते; त्या दोन्हींच्या आधीचे आठवडे टाळावेत, तेव्हा गल्लीत सगळ्यांच्याच हातात तंबोरे असतात. सकाळी उजेड दारातून थेट आसनावर पडतो, त्या वेळी गेल्यास काम समोर बसून पाहता येते.